लोखंडी रेसरची नोंद: मागची बाजू १३० झाली

माझ्या जुन्या लोखंडी रेसर सायकलच्या फ्रेमची मागची बाजू, म्हणजे मागचं चाक बसतं तिथली रुंदी, ताणून अखेर १३० मिलिमीटरला आली आणि सरळ आली. 'फ्रेम वाकवणार म्हणजे काय, तुटली बिटली तर?' असं ग्रुपमधल्या ज्यांनी ज्यांनी विचारलं होतं, त्यांच्यासाठी तेच आधी लिहितो.

फ्रेम इंग्लिश, लगवाली (नळ्यांच्या सांध्यांवर धातूच्या नक्षीदार बाह्या असलेली), पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली. सीट ट्यूबवरचा ५३१चा (रेनॉल्ड्स या इंग्लिश कंपनीच्या नामांकित स्टीलच्या नळीचा) स्टिकर अर्धा उडालेला. विकणाऱ्याने आईची शपथ घेऊन ओरिजनल सांगितली, पण स्टिकर कोणीही कशावरही चिकटवतो. खरी खूण सीटपोस्टच्या, म्हणजे सीटच्या दांडीच्या, मापात. इंग्लिश रोड फ्रेम डबल-बटेड (दोन्ही टोकांना जाड, मधे पातळ) ५३१ची असेल तर बहुतेक वेळा २७.२ मिलिमीटरचा सीटपोस्ट बसतो. नळी जाड असेल तर आतलं भोक लहान होतं आणि गाडी २६.८ वगैरेवर अडते. माझ्यात २७.२ ग्रीस लावून तळहाताने दाबला की उतरतो. माझ्यापुरता निकाल लागला.

रेनॉल्ड्सने टोकांना जाड आणि मधे पातळ अशा नळीचं पेटंट १८९७ साली घेतलं, आणि ५३१ हे मँगनीज-मॉलिब्डेनमचं स्टील १९३५ साली आणलं. त्याच्याबद्दल बोलताना आपल्यातले जुनेजाणतेसुद्धा 'भारी (उंची प्रतीचं) स्टील जास्त ताठ' असं सर्रास म्हणतात, ते बरोबर नाही. ताठपणा सगळ्या स्टीलचा जवळपास एकच, २०० गिगापास्कलच्या घरात, मग ५३१ असो नाहीतर नळाचा पाइप. फरक ताकदीचा आहे. भारी स्टील कायमचं वाकायला जास्त जोर लागतो, म्हणून नळीची भिंत पातळ ठेवली तरी चालते. वजन वाचतं ते तिथं.

आता १३० कशाला? घाटासाठी. फ्रेम मुळात १२६ची, सहा गिअरच्या फ्रीव्हीलच्या (मागच्या चकत्यांच्या जुन्या संचाच्या) काळातली. पुढे ५२ आणि ४२ दात्यांच्या चकत्या, मागे सगळ्यात मोठी चकती २८ दात्यांची. म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरलाही पायडलच्या एका फेऱ्यात गाडी सव्वातीन मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे टिकवायचे तर ताशी साडेअकरा किलोमीटरच्या वर चढायला पाहिजे. समर्थ मंदिर सोडून यवतेश्वरचा घाट सुरू झाला की माझ्या वयाला ते झेपत नाही. गुडघे बोलायला लागतात. जुन्या क्रँकवर (पायडलच्या दांड्यांवर) चकती बसवायच्या भोकांचं वर्तुळ १४४ मिलिमीटरचं, त्यावर ४१ दात्यांच्या खाली चकती बसतच नाही. तेव्हा क्रँक बदलणं आलं, मागे ३२ची कॅसेट आली, आणि कॅसेटवालं (मागच्या चकत्यांचा नवा संच बसणारं) १३०चं हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, आलं. आता पुढे ३४, मागे ३२ला एका फेऱ्यात सव्वादोन मीटरच्या जरा वर. साठ फेऱ्यांना ताशी आठ. मागून एसटी आली तरी शांतपणे कडेला घेता येते.

हब बसवायला चार मिलिमीटर पाहिजेत, म्हणजे एकेका बाजूला दोन. नुसते हाताने ताणूनही चाक आत जातं, पण मग ड्रॉपआउट (चाक अडकतं त्या फ्रेमच्या टोकाच्या पट्ट्या) तिरके राहतात आणि अ‍ॅक्सलवर कायम ताण येतो. म्हणून फ्रेम गादीवर आडवी टाकली, सागाचा जुना वासा सीट ट्यूबला टेकवला आणि एकेक बाजू वेगळी ओढली. दोन मिलिमीटर कायमचे हवे असतील तर कितीतरी जास्त ओढावं लागतं, कारण स्टील परत येतं. थोडं ओढा, सोडा, मोजा, परत ओढा. मोजायला गवंडी वापरतात ती नायलॉनची लाइनदोरी. एका ड्रॉपआउटला बांधायची, हेड ट्यूबला पुढून वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधायची, आणि दोन्हीकडे दोरीपासून सीट ट्यूबपर्यंतचं अंतर बघायचं. चेनकडची बाजू लवकर मानते, डावी हट्टी. शेवटी अर्ध्या मिलिमीटरचा फरक राहिला, तो राहू दिला. हे स्टीलच्याच फ्रेमवर करायचं, हे ठळक अक्षरात वाचा. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनवर करायला गेलात तर फ्रेम भंगारात आणि तुम्ही घरच्यांच्या तोंडी.

बॉटम ब्रॅकेटने, म्हणजे पायडलची दांडी फिरते त्या बेअरिंगने, काही त्रास दिला नाही. १.३७ इंच, इंचाला २४ आटे, उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा. हे माप आजही चालू आहे, त्यामुळे आजचं सीलबंद कार्ट्रिज चाळीस वर्षांच्या फ्रेममध्ये सरळ गेलं. नव्या महागड्या फ्रेममध्ये दाबून बसवलेल्या बेअरिंगची कुरकुर ऐकून वैतागलेले आपल्यात किती आहेत, हात वर करा.

खरी मजा आली बाटलीच्या स्टँडच्या बॉसची, म्हणजे स्टँडचा स्क्रू बसतो त्या नळीवरच्या छोट्या आटेवाल्या तुकड्याची. डाउन ट्यूबवर एक बॉस निखळलेला होता. नेहमीच्या गॅस वेल्डिंगवाल्याकडे पितळी जोड मिळतो, पण पितळेला ९०० अंशांच्या आसपास तापवावं लागतं आणि हा बॉस नेमका नळीच्या मधल्या पातळ भागात. तिथं एवढी आग द्यायला मन धजेना. चांदीचा जोड बऱ्याच कमी तापमानाला होतो. चांदीची कांडी सायकलवाल्यांकडे नसते, ती असते फ्रीज दुरुस्त करणाऱ्याकडे. पोवई नाक्याजवळच्या एका मेकॅनिककडे फ्रेम खांद्यावर घेऊन गेलो. त्याने सवयीने तांबे-फॉस्फरसची कांडी उचलली. ती लोखंडाला चालत नाही, जोड ठिसूळ होतो. त्यालाही ते माहीत होतंच. कॉम्प्रेसरच्या लोखंडी नळीसाठी ठेवलेली चांदीची कांडी आणि फ्लक्सची डबी त्याने खणातून काढली. नळी काळसर लाल होते न होते तोच फ्लक्स काचेसारखा वितळून पसरला, कांडी टेकवली आणि चांदी बॉसच्या कडेने सर्रकन फिरून आली. दोन मिनिटांचं काम.

"सर, फ्रीजच्या नळीत गॅस तरी भरता येतो," तो म्हणाला, "हिच्यात काय भरायचं?"

"जवसाचं तेल," मी म्हणालो. तो हसला, पण मी थट्टा करत नव्हतो. स्टीलची फ्रेम बाहेरून गंजत नाही तेवढी आतून गंजते, आणि साताऱ्याचा पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे. कास-बामणोलीकडे गेलात तर विचारूच नका. घाण्यावरून आणलेलं जवसाचं तेल थोड्या टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सीट ट्यूबमधून ओतलं, फ्रेम चहूबाजूंनी फिरवली, उरलेलं खालून निथळू दिलं. हे तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन आत पापुद्रा धरतं. वाळायला वेळ फार लागतो, घरात वासही राहतो. बायकोने गॅलरीचा रस्ता दाखवला, फ्रेम तिथंच टांगली आहे.

चाकं २७ इंची होती, म्हणजे ६३० मिलिमीटर रिम. त्यांना बरे टायर मिळेनासे झालेत, म्हणून ७००सी म्हणजे ६२२वर आलो. ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली सरकवावे लागले, तेवढी खाच जुन्या लांब ब्रेकमध्ये होतीच. उलट फायदा झाला: फ्रेममध्ये जागा वाढली, ३२ मिलिमीटर रुंदीचा टायर आणि वर मडगार्ड दोन्ही बसतात.

आणि इथे मला जरा भांडायचं आहे. 'स्टील मऊ चालतं, रस्ता पिऊन टाकतं' हे आपल्याकडचं आवडतं वाक्य. माझं मत, मऊपणा बहुतेक सगळा टायरमधून येतो. त्रिकोणी फ्रेम उभ्या दिशेला इतकी ताठ असते की तिथं धातूला लवायला फारसं काही उरत नाही. याच फ्रेमवर २५चा टायर ठासून हवा भरून लावला आणि कोरेगाव रस्त्याला नेली. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी त्या रस्त्याची काय अवस्था होते ते माहीत आहेच. दात वाजले. ३२ लावून हवा कमी केली, दात गप्प. म्हणजे श्रेय द्यायचंच तर ३२चा टायर आत घेणाऱ्या जुन्या फ्रेमच्या जागेला द्या.

वजनाचंही तसंच. आमच्या ग्रुपमधल्या डॉक्टरांची कार्बन गाडी माझ्यापेक्षा तीन किलोने हलकी. मी, कपडे, बाटल्या, गाडी मिळून साधारण पंच्याऐंशी किलो होतात, त्यातले तीन म्हणजे साडेतीन टक्के. अर्ध्या तासाच्या चढाला मिनिटभर. ते मिनिट खरं आहे, नाकारत नाही. डॉक्टर वरच्या टपरीवर माझ्या आधी पोहोचतात आणि चहा सांगून ठेवतात. पण व्यावसायिक शर्यतीतही २००० सालापासून ६.८ किलोच्या खाली सायकल चालत नाही, आणि इथं आपण ग्रॅम-ग्रॅमचा हिशोब करत घाटाखाली मिसळ चापतो.

सपाटीला तर वजन नव्हे, वारा मारतो. शर्यतीतला दिग्गज एडी मर्क्सने १९७२ साली मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर मारले, स्टीलच्या सायकलवर. २००० साली ख्रिस बोर्डमनने जुन्या धाटणीच्या सायकलच्या नियमाखाली तोच विक्रम मोडला, तो फक्त दहा मीटरने. मेक्सिकोची हवा विरळ हे धरायलाच पाहिजे, तरी अठ्ठावीस वर्षांत दहा मीटर! त्याच बोर्डमनने १९९६ साली हात लांब पुढे काढून बसायच्या पद्धतीने ५६ किलोमीटरच्या वर मारले होते. सगळा खेळ बसण्याचा.

मला लोखंडी गाडी आवडते ती तिच्याशी असा झगडा करता येतो म्हणून. ओढली तर ओढली जाते, जोडली तर जोडली जाते, आणि त्यासाठी लागणारा माणूस पोवई नाक्यावर भेटतो. डॉक्टरांच्या गाडीचा सीटपोस्ट जरा जास्त आवळला गेला आणि चिरला. दुसरा येईपर्यंत डॉक्टर चारचाकीतून आमच्या मागे फिरत होते.

शुद्धतावाद्यांची तक्रार आधीच ऐकू येतेय: आठ गिअरची कॅसेट लावून विंटेज कसली? मान्य. इटलीतल्या इरॉइका या जुन्या सायकलींच्या राइडला १९८७च्या किंवा त्याआधीच्या सायकली लागतात, माझी आता दारातूनच परत येईल. गिअरच्या दांड्या मात्र डाउन ट्यूबवरच ठेवल्यात, खटके नसलेल्या. हात खाली नेऊन, कानाने ऐकून गिअर टाकायचा. चाळकेवाडीच्या वाऱ्यात चेनचा आवाजच ऐकू येत नाही ही अडचण आहे, पण पोटऱ्यांना कळतं.

राहिलेलं काम: मागचं चाक अजून किंचित आउट आहे, ते राजवाड्याजवळच्या चाचांकडे दिलंय. रंग करायचा नाही असं सध्या तरी ठरलंय, लगवरची सोनेरी रेघ जिथं शिल्लक आहे तिथं तशीच. पावसाआधी मडगार्ड चढवायचे आहेत. ३२च्या टायरवर नीट बसतील असे पंचेचाळीस मिलिमीटर रुंदीचे, स्टीलचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे मडगार्ड कुणाकडे पडून असतील तर कळवा; प्लॅस्टिकचे नकोत, खडखडतात. सातारा, कराड, सांगली कुठेही येऊन घेऊन जाईन.