मुक्कामाची गाडी

कोकणात फिरायला आलेली मंडळी बहुतेक किनाऱ्याकडे वळतात. मला आवडते ती उलट्या दिशेची, सह्याद्रीच्या पायथ्याकडे जाणारी संध्याकाळची एसटी, आणि तीही मुक्कामाची. ही गाडी तालुक्याहून सुटते, रस्ता संपतो त्या गावात दिवेलागणीनंतर पोचते, रात्रभर तिथंच उभी राहते आणि पहाटे तिथूनच परत निघते. वाटेत पाहण्यासारखं ठिकाण लागेलच असं नाही. पाहायची ती गाडीच.

सुरुवात देवरुखहून करा. कोकण रेल्वेनं संगमेश्वर रोडला उतरायचं, रिक्षानं संगमेश्वर स्टँड गाठायचा आणि तिथून देवरुखची गाडी धरायची. देवरुख संगमेश्वर तालुक्याचं मुख्य ठिकाण, त्यामुळे संध्याकाळी खेड्यांकडे जाणाऱ्या गाड्या इथूनच सुटतात. स्टँडच्या भिंतीवर रंगवलेल्या वेळापत्रकावर विसंबू नका. चौकशीच्या खिडकीत विचारतानाही ‘अमुक गावाला गाडी कधी?’ एवढ्यावर थांबू नका. ‘मुक्कामाला कुठली जाते, आणि सकाळी तिथून किती वाजता निघते?’ असं विचारा. परतीची वेळ या स्टँडवर लिहिलेली असतेच असं नाही, आणि ती चुकली तर पुढची गाडी कदाचित दुपारीच. फलकावरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा ‘मार्गे’नंतरची बारीक अक्षरं महत्त्वाची. गाव एकच, पण एक गाडी एका वाडीवरून जाते, दुसरी नदीपलीकडून. खुर्द-बुद्रुकचा घोळ वेगळाच.

पावसाळ्यात बसण्याआधी खिडकीची काच सरकवून बघा. अडकलेली काच पहिल्या सरीला कळते, तोवर बाकीच्या जागा गेलेल्या असतात. मागचा लांब बाक टाळा, वळणावळणाच्या रस्त्यावर धक्के तिथं जास्त. चाकावरच्या सीटवर पाय दुमडून बसावं लागतं.

गाडी भरते ती शाळा-कॉलेजच्या पोरांनी आणि बाजार करून निघालेल्या बायकांनी. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत गाव ते शाळा प्रवास फुकट आहे. मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आणि ऑगस्ट २०२२पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास. वयाची सवलत हवी असेल तर आधार कार्ड हाताशी ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. मास्तरांना (कंडक्टरला इकडे मास्तरच म्हणतात) उभ्या गर्दीतून वाट काढत पुढचा थांबा येण्याआधी तिकिटं संपवायची असतात. सुटे पैसे द्या. मोबाईलवरून पैसे देता येतात, पण डोंगराच्या कुशीत रेंज गेली की व्यवहार फिरत राहतो आणि मास्तर खोळंबतात.

एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एवढ्या दोनच खुणांवर अख्खी गाडी चालते. पण कुठं थांबायचं ते घंटेआधीच ठरलेलं असतं. ओझं असलेली बाई दिसली की ड्रायव्हर थांबा सोडून तिच्या पाणंदीच्या तोंडाशी गाडी उभी करतो. दोन माणसं पोतं खाली उतरवून देतात आणि कुणी आभार मानायच्या भानगडीत पडत नाही. उद्या पोतं दुसऱ्याचं असतं.

शेवटच्या गावात गाडी वळवणं हा एक सोहळाच. मास्तर खाली उतरून मागं उभे राहतात, शिट्टी देतात, पोरं आडव्या लावलेल्या मोटरसायकली ढकलून बाजूला करतात. मग देवळाच्या सभामंडपात किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत पथारी, नाहीतर गाडीतच सीटच्या दांड्यांना मच्छरदाणी. कुठं घरटी पाळी लावून भाकरी-पिठीचं ताट येतं, कुठं ड्रायव्हर-मास्तर स्वतःच स्टोव्हवर भात टाकतात. तुम्ही मात्र हे गृहीत धरू नका. गावात लॉज नसतो. राहायची सोय ओळखीनं आधी ठरवा, जेवणाचे पैसे द्या. नको म्हटलं तर घरातल्या पोरासाठी वही-पेन चालतं. बिस्किटांचे पुडे वाटत फिरू नका. आणि रात्रीच मास्तरांना सांगून ठेवा, ‘सकाळी एक सीट माझी.’

पहाट हा या प्रवासाचा खरा भाग. इंजिन आधी तापवलं जातं, म्हणून निघायच्या वेळेच्या बरंच आधी गाव जागं होतं. एक लांब हॉर्न म्हणजे आवरा. दुसरा म्हणजे निघालो. दुसऱ्या हॉर्ननंतरही वरच्या आळीतून ‘थांबवा ओ, येतायत!’ अशी हाक आली तर गाडी थांबते. मास्तरांना चेहरे पाठ असतात. ‘आज तात्या न्हाईत?’ असं त्यांनी विचारलं की कुणीतरी सांगतं, ताप आहे, घरीच आहेत. मग तालुक्यातून तात्यांच्या गोळ्या आणायचं काम गाडीतच कुणाच्यातरी गळ्यात पडतं. वेळापत्रकातली चार-पाच मिनिटं यात जातात. तुमची पुढची रेल्वे असेल तर निदान दोन तासांचं अंतर ठेवा. या मिनिटांसाठी कुरकुर करणारा पाहुणा गाडीत कुणालाच नको असतो.

याच गाडीनं डबे जातात. तालुक्याला खोली घेऊन शिकणाऱ्या पोराचा डबा आई सकाळी गाडीत ठेवते, तो स्टँडवर येऊन घेतो, रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. कित्येक वर्षांचा रिवाज, त्यामुळे त्याचं शास्त्रही पक्कं. डबा क्लिपचा, वरून फडक्याची घट्ट गाठ, फडक्यावर न जाणाऱ्या शाईनं नाव आणि स्टँड. पातळ आमटी नको. उसळ, सुकी भाजी, भाकरी. जागा ड्रायव्हरच्या मागच्या जाळीला टेकून. सीटखाली ठेवला तर पहिल्याच उतारावर घरंगळतो. इंजिनाच्या झाकणावर ठेवला तर तालुका येईपर्यंत उन्हाळ्यात भाजीला आंबूस वास. फडकी सारखी दिसली की अदलाबदल होते, म्हणून प्रत्येक घर गाठ आपापल्या पद्धतीनं मारतं. तुमच्या शेजारी डबा आला तर वळणावर हात ठेवा, एवढीच अपेक्षा.

२०२१च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला, तो २०२२च्या एप्रिलपर्यंत चालला. तेव्हा अशा गावांची नुसती गाडी गेली नाही. डबा, औषध, निरोप सगळंच अडलं. वडापच्या, म्हणजे खासगी भाड्याच्या, जीपनं माणसं नेली. पण जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि एकट्या म्हातारीसाठी तर नाहीच.

जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जुलैत दरड आली तर गाडी अलीकडच्या गावातच मुक्काम करते, तेव्हा सुट्टीचा एक दिवस हाताशी ठेवा. मकरसंक्रांतीला देवरुखजवळच्या मार्लेश्वर या शिवस्थानाची यात्रा असते. त्या दिवसांत त्या बाजूच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. सलग फिरायचं असेल तर ‘आवडेल तेथे प्रवास’चा चार किंवा सात दिवसांचा पास स्टँडवर मिळतो. त्यासाठीही ओळखपत्र लागतं.