पाट कुणाकडे द्यायचा?

आमच्या कुडाळात गणपतीच्या आधी महिना-दोन महिने घरचा पाट, ज्यावर मूर्ती घडवतात तो, शाळेत नेऊन द्यायचा असतो. शाळा म्हणजे गणपतीची शाळा, मूर्तिकाराचा कारखाना. मुंबईकर पाहुण्यांना हे दरवर्षी सांगावं लागतं. कुठल्या शाळेत द्यायचा यावर काकांचं मत ठरलेलं: "सोंड काय बघतंस? डोळे बघ. डोळे बरे आसले तरच पाट दी."

परवा भाचीचा मेसेज आला. "मामा, फॉलो करायला चांगले फॅन आर्टिस्ट सांग ना." ती दहावीत आहे, मोबाइलवर बोटाने चित्रं काढते. मी नावं टाइप करायला घेतली आणि अडकलो. लाखभर फॉलोअर असलेला सांगावा, तर तो तिला आपोआप दिसणारच आहे. शिवाय त्यातल्या बऱ्याच जणांचं काम चकचकीत असतं आणि डोळे मेलेल्या बांगड्यासारखे.

फॅन आर्ट म्हणजे आवडत्या सिनेमा-कॉमिकमधल्या पात्रांची चाहत्यांनी काढलेली चित्रं. त्यात पात्र दुसऱ्याचं, ते सगळ्यांना पाठ. उरतो तो फक्त हात. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचंही तेच आहे. संच १२० पत्त्यांचा, दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते. मत्स्य तोच, कूर्म तोच, तरी दोन चितारी शेजारी बसले की दोन वेगळे मासे निघतात. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी तर पिढ्यान्‌पिढ्या राम-रावण काढले, वर गाऊन गोष्ट सांगितली. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्याला फॅन आर्ट म्हटलं तर आमच्याकडे भुवया वर जातील. मी मनातल्या मनात म्हणतो. तिकडे जपानात चाहत्यांनी स्वतः काढून छापलेल्या पुस्तकांचा कॉमिकेट हा बाजार १९७५ साली तोक्योत पहिल्यांदा भरला, तेव्हा बत्तीस गट होते आणि सातशेच्या आसपास माणसं. त्या वेळी कुणाचं काम बघावं हे एकमेकांना तोंडीच सांगत असणार.

शेवटी तीन नावं पाठवली. एक बाई फक्त हात काढतात, हिरोचे, व्हिलनचे, चेहरा कधीच नाही. दुसऱ्याची रेघ बघावी, रंग बघू नयेत. तिसऱ्यावर माझा विशेष जीव. तो जपानी ॲनिमेतल्या तलवारवाल्या पोराला आमच्या दशावतारी नाटकातल्या नटासारखा रंगवतो. एका चित्रात मध्यरात्र उलटलीय, पोरगा देवळामागे पेटाऱ्यावर बसलाय. किरीट काढून मांडीवर ठेवलाय, कपाळावर त्याचा वळ उठलाय. ओठांचा रंग जाऊ नये म्हणून चहाचा ग्लास जरा लांब धरून वरूनच चहा ओततोय. तलवार चपलांशेजारी पडलेली. हे पाहिल्याशिवाय सुचत नाही. माणूस वेंगुर्ल्याकडचा असावा असा माझा अंदाज. नाव ठाऊक नाही, टोपणनावच आहे.

भाचीला एक ताकीदही दिली: आवडलं तर त्याच्या पानाची लिंक पाठव, चित्र डाउनलोड करून स्वतःच्या स्टेटसला लावू नकोस. माझंच एक चित्र मागे खालची सही कापून फिरत होतं. फिरत फिरत ते आमच्या घरच्याच ग्रुपवर आलं आणि आत्याने मला विचारलं, "असं काही तुला जमत नाही का रे?"

संध्याकाळी तेच पेटाऱ्याचं चित्र काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, मोबाइल नाकाजवळ नेला. दोन बोटांनी चित्र मोठं करायला मीच शिकवलंय त्यांना. तलवार ओलांडून, किरीट ओलांडून ते सरळ चेहऱ्यावर गेले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"डोळे बरे आसत," ते म्हणाले. "हेची शाळा खंय रे?"