मोठ्यानं ठेवून घेतलेली मांडी

माझं काम खरं तर चुलीपाशी. कॅनडातल्या युकॉनमधल्या मेयो गावाच्या उत्तरेला, जिथे रस्ता संपतो आणि पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाशिवाय जाता येत नाही, तिथल्या शिकारी कॅम्पवर मी ऑगस्ट ते ऑक्टोबर स्वयंपाक करतो. माझं गाव साकोली, भंडारा जिल्हा. नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेला वाढलो आणि शिकार म्हणजे गुन्हा हे लहानपणापासून मनात पक्कं बसलेलं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरची आमची पिढी. त्यामुळे पहिल्या वर्षी इथे आलो तेव्हा कॅम्पवर टांगलेल्या शिंगांकडे मला धड बघवत नव्हतं.

ही गोष्ट माझ्या तिसऱ्या हंगामातली. सप्टेंबरचा शेवट होता. मदतनीस गाईडचा गुडघा मुरगळला आणि ओझं वाहायला माणूस कमी पडला, म्हणून मला स्वयंपाकघरातून उचलून पाठीला फ्रेम बांधून बरोबर नेलं.

आमचे मुख्य गाईड साठी उलटलेले, मेयोच्याच मूळनिवासी समाजातले. परदेशी माणसाला इथे एकट्यानं मोठी शिकार करता येत नाही. परवानाधारक आउटफिटर, म्हणजे शिकारीची सगळी सोय करणारा व्यावसायिक, आणि त्याचा गाईड सोबत असावाच लागतो. आमचे पाहुणे, शिकारीला आलेले एक गृहस्थ, जर्मनीहून आले होते. त्यांच्याकडे मूसचा टॅग, म्हणजे एक जनावर मारायची परवानगी, होता, तसा ग्रिझली अस्वलाचाही.

पहिल्या संध्याकाळचं आधी सांगतो. गाईडनी पिशवीतून मूसच्या खांद्याचं जुनं वाळलेलं हाड काढलं आणि ते विलोच्या झुडपांवर खरखरा घासायला लागले. नर आपली शिंगं झुडपांवर घासतो तसा हुबेहूब आवाज. मग दोन्ही तळहात तोंडाशी धरून मादीसारखं लांबलचक, नाकातून कण्हणं. पुन्हा शांतता. थंडीनं माझी बोटं बधिर झाली होती. चाळीसएक मिनिटांनी पलीकडच्या काळ्या स्प्रूसच्या झाडांमधून हुंकार आला, छोटा, खोल. आणि मग तो बाहेर आला. मूस हे सांबराच्याच कुळातलं जनावर, पण सांबर बघून वाढलेल्या माणसालाही त्याच्या आकाराची कल्पना येत नाही. युकॉन-अलास्काचा पूर्ण वाढलेला नर ६०० किलोच्या घरात जातो. शिंगांचा पसारा माझ्या दोन्ही हातांच्या कवेत मावेना.

एकच गोळी. तो दलदलीच्या काठाला पडला.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. मूसचं खाण्यासारखं मांस जंगलात वाया घालवणं हा इथे गुन्हा आहे. कपाळावर दिवे बांधून आम्ही रात्री उशिरापर्यंत कापत होतो. गाईड मला सुरी कुठे धरायची ते दाखवत होते. सांध्यात घुसली की हाड आपोआप सुटतं, जोर लावायचा नाही. मागची एक मांडी उचलताना माझे पाय थरथरले. तळ्याकाठच्या तंबूपर्यंत तीन किलोमीटर. वाट अशी नाहीच, गवताचे डुलणारे उंचवटे, त्यावर पाय ठेवला की घोटा वळतो, मध्ये ठेवला की पाणी. रात्रीत एकच खेप झाली. उरलेलं मांस सुती पिशव्यांत भरून, आतड्यांच्या ढिगापासून शंभर पावलं लांब, मोकळ्या जागी फांद्यांवर ठेवलं. "उद्या लांबून दिसलं पाहिजे," गाईड म्हणाले. स्वतःचा घामेजलेला शर्ट त्यांनी पिशव्यांवर टाकला. शिंगंही तिथेच राहिली. ती शेवटी न्यायची, हा त्यांचा नियम.

सकाळी ते थेट तिकडे गेले नाहीत. वारा बघून वळसा घालून आम्हाला एका टेकाडावर नेलं, ६०० मीटरवर. दुर्बीण लावण्याआधीच त्यांनी मान हलवली. "कावळे बघ."

डोमकावळे झाडांवर बसून होते. मांस उघड्यावर पडलेलं आणि एकही खाली उतरत नव्हता.

दुर्बिणीतून दिसलं ते असं: आतड्यांच्या जागी शेवाळ आणि मातीचा मोठा ढिगारा. अस्वल आपलं अन्न असं पुरून ठेवतं. पिशव्यांमधली एक मांडीही ढिगाऱ्यावर ओढत आणलेली. आणि त्यावर, उशीवर हात टाकून झोपावं तसं, तपकिरी अस्वल झोपलेलं. अंगावरच्या केसांची टोकं उन्हात चांदीसारखी.

पाहुण्यांनी रायफल काढली. गाईडनी काढू दिली, पण म्हणाले, "आधी बघू."

हे बघणं चार तास चाललं. त्या चार तासांत मला या कामाबद्दल जे समजलं, ते आधीच्या दोन हंगामांत समजलं नव्हतं. पिल्लं सोबत असलेल्या मादीला आणि त्या पिल्लांना इथे पूर्ण संरक्षण आहे. एकट्या मादीला मात्र कायदा मोकळा आहे. शक्यतो नरच निवडा, एवढंच सांगितलं जातं. पण गाईडचा हिशेब वेगळा. उत्तरेकडची मादी सहा-सात वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते, पिल्लं दोन-तीन वर्षं तिच्यामागे असतात, म्हणजे आयुष्यात तिची वेतं बोटांवर मोजण्याइतकी. एक मादी गेली की ते खोरं कितीतरी वर्षं रिकामं राहतं. शेजारच्या ब्रिटिश कोलंबियात २०१७च्या शेवटी ग्रिझलीची शिकार बंदच झाली. इथे चालू आहे. "चालू ठेवायची असेल तर माझ्यासारख्यानं डोळे उघडे ठेवायला हवेत," ते म्हणाले.

मोठा नर लगेच ओळखू येतो. डोकं रुंद, त्यामुळे कान लहान आणि एकमेकांपासून दूर दिसतात. मादीचं तोंड निमुळतं, कान मोठे वाटतात. आमचं अस्वल मधलं होतं. तरणा नर असेल किंवा वयात आलेली मादी. मुतताना धार पुढे जाते की मागे, हीसुद्धा एक खूण, पण ते उठलं की विलोत शिरायचं.

"एकटंच तर आहे," पाहुणे म्हणाले.

"झुडपात काय आहे ते तुम्हाला दिसतंय?"

दोनच्या सुमाराला अस्वल ओढ्याकडे गेलं. गाईडनी आवाजाचा फटाका उडवला. ते मागच्या पायांवर उभं राहिलं, आमच्या दिशेनं नाक वर करून हवा घेतली, आणि ओढा ओलांडून समोरचा उतार सरळ चढत गेलं. मागे पिल्लू नाही, काही नाही. पाहुण्यांनी रायफल खांद्याला लावली. गाईडनी नळीवर हात ठेवला. "चालत्या अस्वलावर एवढ्या लांबून नाही. आणि मला अजून खात्री नाही."

एवढी वर्षं पैसे साठवून आलेला माणूस तो. त्यांचा चेहरा उतरलेला बघून मलाही वाईट वाटलं. पण गाईडच्या जागी मी असतो तर बहुधा हो म्हणालो असतो, आणि चुकलो असतो.

उरलेल्या पिशव्या आम्ही घाईनं उचलल्या, एक जण सतत पहाऱ्यावर. ढिगाऱ्यावरच्या मांडीला हात लावला नाही. परतल्यावर संवर्धन अधिकाऱ्यांना ते जसं घडलं तसं कळवलं.

त्या रात्री मी सावजी रस्सा केला. मूसचं मांस कोरडं, चरबी नावाला नाही, त्यातून माजावरचा नर, वास उग्र. खसखस, दगडफूल, मिरी आणि भरपूर तेलाशिवाय त्याला दुसरा इलाज मला माहीत नाही. पाहुणे दोन वाट्या जेवले आणि न बोलता झोपायला गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः दुर्बीण मागून घेतली आणि संध्याकाळपर्यंत समोरचा उतार बघत बसले. अस्वल परत दिसलं नाही. तो टॅग कोराच गेला.

पाहुण्यांनी थोडं मांस ठेवून बाकी गावात वाटायला दिलं. मेयोत गाईडबरोबर मी त्यांच्या मावशींकडे गेलो, पंच्याऐंशीच्या असतील. त्यांनी टेबलावरचं मांस हातानं चाचपत मोजलं, बरगड्या, पुढचे पाय, एक मांडी.

"दुसरी?"

गाईड अस्वलाचं नाव कधी घेत नाहीत, जसं आमच्याकडे रात्री सापाला लांबडं म्हणतात.

"मोठ्यानं ठेवून घेतली," ते म्हणाले.

मावशींनी मान डोलावली आणि चहाचं आधण ठेवलं.