ध्वनिमुद्रण कोणी केले?

पाश्चात्त्य अभिजात संगीताचा नवा अल्बम हाती आला की वादकांच्या नावांपाठोपाठ मी ध्वनिमुद्रण कोणी केले ते पाहतो. तिथे हल्ली रेकॉर्ड कंपनीपेक्षा वेगळ्याच एखाद्या स्वतंत्र कंपनीचे नाव पुष्कळदा आढळते. पूर्वी हे काम मोठ्या कंपन्यांच्या पदरी असलेले तंत्रज्ञ करीत. पुढे ते विभाग बंद पडले किंवा वेगळे झाले. फिलिप्सच्या ध्वनिमुद्रण विभागातल्या लोकांनी १९९८ मध्ये नेदरलँड्समध्ये पॉलिहिम्निया सुरू केली, टेल्डेकच्या बर्लिनमधल्या स्टुडिओचा २००२ मध्ये टेल्डेक्स झाला आणि डॉयचे ग्रामोफोनचा एमिल बर्लिनर स्टुडिओ २००८ मध्ये स्वतंत्र झाला. त्यांची खरी पुंजी म्हणजे जागेचा आवाज ओळखणारा कान, असे मी मानतो.

या संगीतात वाद्याइतकीच जागाही वाजत असते. उंच छत, दोनेक सेकंदांचा घुमारा आणि बाहेरच्या रहदारीपासून मोकळीक हे सारे एकत्र मिळणे कठीण, म्हणून अशा अनेक कंपन्या आपले सामान घेऊन चर्चमध्ये किंवा रिकाम्या सभागृहात जातात. लंडनच्या किंग्जवे हॉलखालून भुयारी रेल्वेची घरघर ऐकू येई, तरीही तिथल्या घुमाऱ्यापायी ध्वनिमुद्रकांनी ती अनेक दशके सोसली.

जागा ठरली की माइक. डेक्का या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीच्या अभियंत्यांनी १९५०च्या दशकात बसवलेली मांडणी आजही वापरात आहे : वाद्यवृंद चालवणाऱ्या कंडक्टरच्या वर उंचावर तीन सर्वदिशी, म्हणजे चहूकडचा आवाज टिपणारे माइक, डावा आणि उजवा एकमेकांपासून सुमारे दोन मीटरवर, तर मधला त्यांच्या दीडएक मीटर पुढे. वाद्यवृंदाचे मुख्य चित्र इथेच तयार होते. एखादे वाद्य अस्पष्ट राहिले तर त्याच्याजवळ वेगळा माइक लावतात, पण तिथे एक मेख असते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मुख्य माइकपासून दहा मीटर मागे बसलेल्या ओबो या सुषिर वाद्याचा सूर तिथपर्यंत साधारण २९ मिलिसेकंदांनी पोहोचतो, जवळच्या माइकमध्ये मात्र जवळजवळ तत्क्षणी. दोन्ही तसेच मिसळले, तर ओबोवादक आपली खुर्ची घेऊन पुढच्या रांगेत येऊन बसल्यासारखा भासतो. म्हणून जवळच्या माइकचा आवाज तेवढाच मागे सरकवतात आणि त्याची पातळी इतकी बेताची ठेवतात, की तो बंद केल्यावरच त्याची उणीव जाणवावी.

निर्माता बाजूच्या खोलीत स्कोअर, म्हणजे रचनेची स्वरलिपी, पुढ्यात घेऊन प्रत्येक टेक, म्हणजे एका दमात मुद्रित केलेले वादन, तपासत असतो. चार बार (स्वरलिपीतले तालाचे खंड) बिघडले, तर तो वादकांना त्यांच्या बऱ्याच आधीपासून वाजवायला सांगतो. कारण जिथे जोड द्यायचा, तिथे आधीच्या सुरांचा घुमारा हवेत असावा लागतो. नाहीतर लय अचूक जुळली तरी जोड कानाला खटकतोच.

आता कित्येक वादक स्वतःच्या खर्चाने या कंपन्यांकडे जातात, तेव्हा काटकसर अटळ असते. अशा वेळी माइकांची संख्या खुशाल कमी करावी, पण पहिल्या टेकआधी माइक इकडेतिकडे हलवून ऐकण्यासाठी राखलेल्या वेळाला हात लावू नये, असे मला कळकळीने वाटते. माइक चुकीच्या जागी उभा राहिला, तर पुढे मिक्सिंगमध्ये त्यावर फारसा इलाज उरत नाही.