चित्राची पाठ

पैठणी घ्यायला गेलेली बाई दुकानदाराने उलगडलेला पदर क्षणभर बघते आणि लगेच उलटा करते. मागूनही मोर तितकाच नीट दिसला तर हातमाग. धाग्यांचं जंजाळ लोंबत असलं तर यंत्रमाग, आणि मग भाव पाडायला सुरुवात. हे शहाणपण आपल्याकडे घरोघरी आहे. आंबा देठाशी हुंगायचा, नारळ कानाशी हलवायचा. तीच बाई, आणि पिशव्या धरून शेजारी उभा असलेला तिचा नवरा, रात्री मोबाईलवर हॉलसाठी चित्र शोधू लागले की मात्र चित्राची पाठ बघावी असं दोघांच्याही मनात येत नाही.

आपल्या भिंतींवरचे खिळे तसे आधीच वाटून दिलेले. एक घड्याळाला, एक कालनिर्णयला, एक चंदनाचा हार घातलेल्या आजोबांना. चौथा खिळा चित्राला द्यायचा तर ते ‘ओरिजिनल’ असावं असं वाटतं. हा शब्द आपण चार्जरला लावतो, स्कूटरच्या पार्टला लावतो. तिथे त्याचा अर्थ ‘कंपनीचा’. चित्राच्या बाबतीत नेमका उलटा: कंपनीचं नसलेलं, कुणाच्या तरी हातचं. दुकानात ते हात लावून, वाकून बघता येतं. पडद्यावर येत नाही, आणि पडदा खातो त्या तीनच गोष्टी: माप, पोत आणि रंग. चित्रात त्याखेरीज उरतं तरी काय!

पहिली परीक्षा फुकटची आहे. चित्राखाली लहान, मध्यम, मोठं अशी मापं निवडायची सोय असेल तर ती बहुधा छपाई. हाताने काढलेलं चित्र एकाच मापाचं असतं आणि विकलं की संपतं. चित्राचा फोटो इमेज सर्चमध्ये टाकला आणि तेच चित्र पाच दुकानांत, पाच किमतींना दिसलं, तरी उत्तर तेच. खरी गफलत ‘हॅन्ड-फिनिश्ड’ या गोड शब्दात आहे. यात चित्र कॅनव्हासवर छापतात आणि वरून पारदर्शक जेलचे चार फराटे मारतात. हाताला पोत लागतो, गिऱ्हाईक खूश. पण फराटे बघावेत: पान उभं आणि फराटा आडवा, नाकावरून सुरू झालेली रेघ थेट आभाळात. रंगाने जायला हवं तिथे जेल गेलेलं नसतं. मग कडांचे फोटो मागवावेत. रंगवलेल्या कॅनव्हासच्या कडेला रंग ओघळतो, अडतो, कुठे अंगठ्याचा ठसा राहतो. छापील कॅनव्हासची कडा बहुतेक वेळा कोरी पांढरी, नाहीतर चित्राचीच आरशातल्यासारखी उलटी नक्कल.

ही युक्ती काही आजची नाही. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींवर लोकांनी जर आणि टिकल्या चिकटवून त्या नटवल्या. अनेक घरांत ‘आमच्याकडे रविवर्म्याचं अस्सल चित्र आहे’ म्हणून दाखवतात ते बहुधा हे ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं. अस्सल आहे, पण अस्सल छपाई आहे.

छपाईला सरसकट नाक मुरडू नये मात्र, कारण ‘प्रिंट’ या एका शब्दात दोन वेगळ्या जाती कोंबलेल्या आहेत. संगणकातून निघते ती एक. दुसरी मुद्राचित्राची: लिनोकट, वुडकट, एचिंग. इथे चित्रकार लिनोलियम, लाकूड किंवा धातूचा पत्रा स्वतः कोरतो, त्याला शाई लावतो आणि एकेक प्रत दाबून काढतो. मूळ चित्र असं वेगळं नसतंच. प्रत्येक प्रत हेच मूळ. थोड्या पैशांत खरं चित्र हवं असेल तर आमच्या मते सुरुवात इथूनच करावी. श्रम पन्नास प्रतींत वाटले जातात म्हणून ही स्वस्त पडतात, दर्जा कमी म्हणून नव्हे. खाली पेन्सिलीने डावीकडे ७/५० असा आकडा आणि उजवीकडे सही असते. म्हणजे पन्नासांतली सातवी. सातवी ही चाळिसावीपेक्षा सरस असते असं मुळीच नाही. अपवाद ड्रायपॉइंटचा, म्हणजे पत्र्यावर सुईने थेट ओरखडून काढलेल्या चित्राचा, कारण त्यात पत्र्यावर उठलेली धातूची कोर दरेक दाबाला झिजते आणि पुढच्या प्रती फिक्या होतात. ‘ए/पी’ म्हणजे चित्रकाराने स्वतःसाठी काढलेली प्रत. एचिंगच्या कागदावर पत्र्याची कडा दबून उमटते, तिरप्या उजेडातल्या फोटोत ती दिसायला हवी. तैलचित्राचा फोटो इंकजेटवर छापून त्याखाली १/१०० लिहिलं आणि सही केली म्हणून ते मुद्राचित्र होत नाही. मात्र किंमत तशी लावतात.

वारलीचं दुखणं आणखी वेगळं. तांदळाच्या पिठाने, दातांनी चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने, गेरू-शेणाने सारवलेल्या कुडावर काढायची ही चित्रं जिव्या सोमा म्हशे यांनी कागद-कापडावर आणली आणि जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज वारली म्हणून चहाच्या कपापासून पडद्यापर्यंत काहीही मिळतं आणि त्यातलं बरंचसं स्टेन्सिल नाहीतर छपाई. ओळखायला सोपी खूण: तारपा नाचाच्या फेरातली माणसं मोजावीत. दोन त्रिकोण टोकाशी जोडून झालेलं प्रत्येक माणूस थोडं वेगळं निघतं. कुणाची मान वळलेली, कुणाचा पाय लांब, काडीतला रंग संपत आला तिथे रेघ विरळ. सगळी माणसं एका साच्यातली निघाली तर साचाच आहे. डहाणू, जव्हार, विक्रमगड भागातले चित्रकार आता मोबाईलवरून थेट विकतात. त्यांच्याकडे कापडाचा बारीक पोत दिसेल असा जवळचा फोटो मागितला तर ते आनंदाने पाठवतात. टाळाटाळ करतो तो बहुतेक वेळा मधला व्यापारी.

विक्रेत्याला काय विचारायचं? प्रश्नांची यादी करत बसण्यापेक्षा एकच मागणी करावी: चित्राशेजारी कोरा ए-फोर कागद ठेवून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढा. त्या कागदाने दोन कामं होतात. २१ बाय २९.७ सेंटिमीटर हे त्याचं माप ठरलेलं, म्हणून चित्र केवढं ते कळतं. आणि कागद पिवळट दिसला तर चित्रातले रंगही तेवढेच पिवळट दिसताहेत हे समजतं. फोनचा पडदा रात्री पिवळसर करणारा ‘आय कम्फर्ट’ बंद करून बघितलेलं बरं. अंथरुणात पडून निवडलेली पुष्कळ चित्रं घरी आल्यावर निळी निघतात. पोतासाठी कॅमेरा एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकवलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. शेवटी पाठ. कॅनव्हासच्या पाठीवर कापड ताणून धरणाऱ्या लाकडी पट्ट्या सरळ आहेत का, कोपऱ्यात लाकडी पाचरी आहेत का, नाव-साल-माध्यम लिहिलंय का. कागदाची पाठ तपकिरी डागांची असेल तर ओल लागलेली आहे.

मापात हमखास गोंधळ होतो. चित्रांच्या जगात उंची आधी आणि रुंदी नंतर लिहायची रीत आहे, पण विक्रेते बऱ्याचदा उलट लिहितात. ‘१२ बाय १८’ म्हणजे उभं की आडवं, आणि फ्रेमसकट की फ्रेमविना, हे विचारल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. मग तेवढ्या मापाचं जुनं वर्तमानपत्र कापून दोन दिवस भिंतीला चिकटवावं. सोफ्यावर लावायचं असेल तर सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश रुंदीचं बरं दिसतं. ए-फोरचं एकटं चित्र तिथे तिकिटासारखं दिसतं. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ सेंटिमीटरवर यावा. आपल्याकडे चित्रं फार वर टांगतात, देवाच्या तसबिरींची सवय.

किमतीबद्दल संकोच नको. पुष्कळ तरुण चित्रकार चौरस इंचाच्या हिशोबाने भाव ठरवतात. १२ बाय १६ इंच म्हणजे १९२ चौरस इंच. दर २५ रुपये धरला तर ४,८०० रुपये. दर कसा लावता, असं सरळ विचारावं. घासाघीस करण्यापेक्षा लहान माप मागावं किंवा फ्रेमविना घ्यावं. बिलावर नाव, माध्यम, माप आणि साल हवंच. चित्र विकत घेतलं म्हणजे त्याचा कॉपीराइट आपला झाला असं नव्हे. मगवर छापून मित्रांना वाटायचा बेत असेल तर परवानगी घ्यावी लागते.

कुरिअरवर ‘नाजूक’ असं लाल अक्षरात लिहिल्याने कुणाचं मन द्रवत नाही. काचेची फ्रेम मागवूच नये. फुटली तर काच चित्र चिरते. कागदावरचं चित्र दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट यावं. कॅनव्हास गुंडाळून येणार असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, चार इंचांहून कमी नसलेल्या व्यासाच्या नळीवर. रंग आत ठेवून गुंडाळला की दबतो आणि उलगडताना तडकतो. कॅनव्हासला चारही बाजूंनी दोन इंच कोरं कापड ठेवायला सांगावं, नाहीतर पट्ट्यांवर ताणायला धरायचं काय? ॲक्रिलिक उन्हाळ्यात मऊ पडतं. मे महिन्यात नागपूरला मागवलेल्या चित्रावर बबल रॅपचे फुगे थेट टेकले असतील तर फुगे उमटतात, म्हणून रंगाला आधी ग्लासिन हा गुळगुळीत, न चिकटणारा कागद आणि फुग्यांची बाजू बाहेर. पार्सल उघडताना व्हिडिओ काढावा. नुकसानभरपाईसाठी तोच कामी येतो.

आणि मग फ्रेमवाला. चित्राचा घात बहुतेक वेळा इथे होतो, तोही प्रेमाने. ‘एकदम टाइट बसवतो साहेब’ म्हणत तो कागद हार्डबोर्डवर फेविकॉलने संपूर्ण चिकटवतो. त्याला तो पेस्टिंग म्हणतो. कागद आता कधीही सुटणार नाही. किंवा पट्टीत बसत नाही म्हणून कडा कापतो आणि मुद्राचित्राचा आकडा नि सही कचऱ्यात जाते. त्याला तीन वाक्यं आधीच सांगावीत. कागद कापायचा नाही. चिकटवायचा फक्त वरच्या दोन ठिकाणी, पातळ जपानी कागदाच्या बिजागऱ्या करून गव्हाच्या खळीने. सेलोटेप नको, काही वर्षांत ती पिवळी पडून डाग सोडते. आणि काच चित्राला टेकता कामा नये, मधे आम्लविरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवा. काच टेकली की पावसाळ्यात दमट हवेचं आत पाणी होतं, जलरंग काचेला चिकटतो आणि पुढे काच काढताना आभाळ काचेबरोबर निघतं. माउंट-काचेसकट फ्रेमला चित्राइतकेच पैसे पडू शकतात, हा खर्च आधीच धरलेला बरा. कॅनव्हासवरच्या तैलरंगाला किंवा ॲक्रिलिकला काच लागत नाही.

मुंबई-कोकणात बाहेरची, पाऊस झोडपणारी भिंत चित्रासाठी नाहीच. आतल्या भिंतीवरही फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाच्या चकत्या लावाव्यात, म्हणजे मागे बोटभर हवा खेळते. थेट ऊन पडेल तिथे जलरंग लावू नये. आधी गुलाबी-किरमिजी उडतात. श्रावणात एकदा चित्र उतरवून पाठ बघावी. कसर लागली आहे का, कागदी टेप सुटली आहे का, बुरशीचे ठिपके आहेत का. बुरशी असेल तर ओलं फडकं अजिबात नको. चित्र कोरड्या, हवेशीर जागी, पण थेट पंख्याखाली नव्हे, एक-दोन दिवस सुकू द्यावं, नाकातोंडाला मास्क लावावा आणि मागची बुरशी मऊ कोरड्या ब्रशने, गॅलरीत उभं राहून झटकावी.