निरोगी बाजूचे दोन तुकडे

गेली नऊ वर्षं माझ्या प्रत्येक कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये एक ओळ जशीच्या तशी येते: ‘टर्मिनल आयलियम – नॉर्मल.’ म्हणजे लहान आतड्याचं शेवटचं टोक ठीक. त्याच्या आधी सगळी रड असते. गुदाशयाला सूज, त्याच्या वरच्या वळणाला, सिग्मॉइडला, लाली, रक्तवाहिन्यांची नक्षी पुसलेली, जरा स्पर्श झाला की रक्त. आणि शेवटी ही ओळ, घरातल्या एकुलत्या शहाण्या मुलासारखी.

अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याचा आजार. गुदाशयात सुरू होतो, मध्ये जागा न सोडता वर चढत जातो आणि मोठं आतडं संपलं की थांबतो. आजाराचं नाव कळलं त्या दिवशी डॉक्टरांनी मला हे चित्र काढून समजावलं होतं. मोठं आतडं नीट चौकटीसारखं, आणि आत लहान आतडं म्हणून नुसती गिचमिड वेटोळी. सहा मीटर लांबीच्या अवयवाची एवढीच दखल.

गेल्या खेपेला टेबलावर आडवं व्हायच्या आधी एक संशोधक मुलगी संमतीपत्र घेऊन आली.

“ताई, दोन तुकडे जास्तीचे घेतले तर चालतील? लहान आतड्याच्या टोकाचे.”

“अगं, तिथं मला काहीच नाहीये.”

“म्हणूनच तर.”

मी सही केली. हिशेब तपासण्यात माझं आयुष्य गेलंय. जिथं सगळं जुळतं असं सगळे सांगतात ती वही कुणी उघडायला मागितली, की मला बरं वाटतं.

गुंगी हलकीच होती, त्यामुळे स्क्रीन दिसत होती. आपलंच आतडं बघताना सुरुवातीला कसंतरी होतं, नंतर सवय होते. खालची लालभडक, दाणेदार भिंत मागे पडली, मोठ्या आतड्याचं टोक आलं, आणि मग ओठ मिटल्यासारखी ती झडप. कॅमेरा आत घुसणार तेवढ्यात नर्स नेमकी स्क्रीनसमोर उभी राहिली. माझं सुप्रसिद्ध नॉर्मल आयलियम मी पाहिलंच नाही. चिमटा लागलेलाही कळला नाही. आतड्याच्या अस्तराला चिमटा कळत नाही म्हणे. त्याची कसर पोट फुगून दुखतं तेव्हा भरून निघते, ते सोडा.

तुकडा मात्र तिनं नंतर दाखवला. बोटाच्या पेराएवढ्या नळीत पाण्यासारखं द्रावण, त्यात टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी फिकट गुलाबी. पॅथॉलॉजीचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये जातात. हे दोन वेगळ्या द्रावणात, आणि तेही हातोहात. कारण तिला त्यातलं आरएनए हवं होतं आणि ते फार नाजूक. त्याचा फडशा पाडणारी विकरं आपल्या बोटांच्या कातडीवरसुद्धा असतात. म्हणून हातमोजे, म्हणून घाई, म्हणून पुढे उणे ८० अंशांचा फ्रीझर.

आरएनए कशाला? तर माझ्या गुदाशयातल्या आणि आयलियममधल्या पेशींत जनुकं तीच आहेत. प्रथिनं बनवणारी साधारण वीस हजार. फरक एवढाच, की कुठली पेशी कुठल्या जनुकाच्या किती नकला उतरवून कामाला लावते. त्या नकला म्हणजे आरएनए. त्या मोजल्या की पेशी सध्या कशात गुंतलीय ते कळतं, भिंत वरून कितीही गुळगुळीत दिसो.

घरी आल्यावर मी वाचत सुटले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्रोन्सची (हा कोलायटिसचा भाऊबंद, पण लहान आतड्यालाही धरणारा), कोलायटिसची आणि या दोन्ही आजारांपासून मुक्त अशी मिळून ३५९ मुलं होती. आजार नुकताच कळलेला, औषध सुरू व्हायचं होतं. हे महत्त्वाचं, कारण स्टेरॉइड घेतलं की नकलांचा सगळा हिशेबच बदलतो. त्यांचंही आयलियम तपासलं होतं. ज्या मुलांचा क्रोन्स फक्त मोठ्या आतड्यात होता, त्यांच्या चांगल्या दिसणाऱ्या आयलियममध्येही क्रोन्सची जनुकीय खूण सापडली. कोलायटिसवाल्यांत ती खूण नव्हती. इथपर्यंत वाचून मी सुटकेचा श्वास टाकला, पण पुढच्याच ओळीत ड्युऑक्स-२ भेटलं. हे जनुक अस्तराच्या पृष्ठभागावर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करवतं, जंतूंना हाताच्या अंतरावर ठेवायला. ते दोन्ही आजारांत वाढलेलं होतं, आणि प्रोटिओबॅक्टेरिया गटाचे जंतू वाढण्याशी त्याचा संबंध दिसला होता. म्हणजे आग खालच्या मजल्यावर, पण वरच्यांनीही पाण्याच्या बादल्या भरून ठेवलेल्या.

मी त्या मुलीला फोन करून माझी शंका काढली. वीस हजार जनुकं एकेक करून तपासायची आणि शंभरात पाच चुका चालवून घ्यायच्या, तर नुसत्या योगायोगानं हजार जनुकं ‘बदललेली’ दिसतील की! ती हसली. “ताई, त्यासाठीची दुरुस्ती आम्ही करतो. पण खरी अडचण वेगळीच आहे.” तुकड्यात एकाच जातीच्या पेशी नसतात. चार प्रतिकारपेशी जास्त शिरल्या तरी आकडे हलतात, अस्तराच्या पेशींनी आपली सवय तसूभर बदललेली नसतानाही. म्हणून आता एकेक पेशी सुटी करून मोजतात. हे मला पटलं. घरात पाहुणे आले म्हणून किराणा वाढला, तर घरच्यांची भूक वाढली असं कुणी लिहू नये.

तरी मला हा विषय सोडवत नाही, त्याचं कारण इंजेक्शनच्या खोलीत ओळख झालेली एक मैत्रीण. आता ती तिथं येत नाही. तिचं मोठं आतडं काढून टाकलं आणि लहान आतड्याच्या टोकाची पिशवी शिवून खाली जोडली. ही शस्त्रक्रिया पार्क्स आणि निकल्स यांनी १९७८ मध्ये मांडली, त्या पिशवीला पाऊच म्हणतात. पहिलं वर्ष छान गेलं. मग पुन्हा पळापळ, पुन्हा रक्त. पाऊचायटिस, म्हणजे त्या पिशवीलाच सूज. “रोगाचं आतडं तर कचऱ्यात गेलं,” ती मला म्हणाली, “मग हे कुठून आलं गं?”

कोलायटिसमुळे पाऊच झालेल्यांत हे सर्रास होतं. पण आनुवंशिक पॉलिप्समुळे, म्हणजे आतड्यात उगवणाऱ्या गाठींमुळे, ज्यांचं मोठं आतडं काढावं लागतं, त्यांनाही अगदी असाच पाऊच करतात. तीच शिवण, तोच साठणारा मळ, अस्तरही हळूहळू मोठ्या आतड्याच्या वळणावर जाणारं. त्यांना मात्र पाऊचायटिस क्वचितच होतो. मी हे वाक्य तीनदा वाचलं. माझ्या लेखी यातच सगळं आलं. दोष एकट्या पिशवीचा असता, तर तो दोघांनाही सारखाच भोवला असता. आता तो लहान आतड्याच्या अस्तरात आधीपासून असतो, प्रतिकारशक्तीत असतो की जंतूंशी असलेल्या नात्यात, यावर जाणकारांनी भांडावं. मैत्रिणीला मी एवढंच सांगितलं, की तुझ्या खाण्यापिण्यात काही चुकलं नव्हतं. ती बराच वेळ गप्प होती.

माझ्या तुकड्यांचं काय झालं ते मला कळणार नाही. नळीवर नाव नव्हतं, आकडा होता. परवा त्या मुलीचा फोन आला. पुढच्या तपासणीच्या वेळीही दोन तुकडे द्याल का, म्हणाली.

“देते की,” म्हटलं. “पण तुझ्या त्या नर्सबाईंना सांग, या वेळी जरा बाजूला उभ्या राहा.”