अण्णा, बुळकांडी आणि तेरा लाख नू

गेल्या दिवाळीत फराळ चालू असताना लेकीने मोबाईल अण्णांच्या नाकासमोर धरला. आफ्रिकेतलं प्राण्यांचं स्थलांतर: मारा नदी, धुरळा, काठावरून धडाधड उड्या टाकणारी जनावरं, खाली मगरी. "आजोबा, आपण हे बघायला जायचं." अण्णांनी चष्मा पुसला, व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला आणि विचारलं, "एवढा कळप एकत्र, लाळ-खुरकुताचं काय करतात?"

माझे वडील तेहतीस वर्षं पशुवैद्यकीय खात्यात होते. फलटण, माण, शेवटी बारामती. त्यांना कुठलाही देखणा प्राणी दाखवा, आधी त्याचे खूर बघतील.

घरात हिशेबाचं काम माझ्याकडे (भोसरीत एका कंपनीचे अकाउंट्स बघते, म्हणून घरीही सुटका नाही), त्यामुळे एक्सेल शीट उघडायची जबाबदारी आपोआप माझ्यावर आली. पहिल्याच रकान्यात गाडी अडली: जायचं कधी?

माझी समजूत अशी होती की हे स्थलांतर म्हणजे पंढरीच्या वारीसारखं, ठरल्या तिथीला ठरल्या ठिकाणी. तसं नाही. तेरा लाखांच्या आसपास वाइल्डबीस्ट, म्हणजे नू (गाईसारखी दिसणारी मोठी हरणं), सोबत झेब्रे आणि लहान हरणं, वर्षभर गोल फिरत असतात. जानेवारी ते मार्च टांझानियात, सेरेनगेटीच्या दक्षिणेच्या माळावर. पाऊस संपत आला की वायव्येकडे, मे-जूनमध्ये ग्रुमेती नदीच्या बाजूला. जुलै ते ऑक्टोबर उत्तरेत मारा नदीच्या आसपास, त्यातला काही भाग केनियाच्या मसाई मारात. नोव्हेंबरात पुन्हा दक्षिणेची वाट. वेळापत्रक पावसाच्या हातात, आणि पाऊस तिथेही आपल्यासारखाच, कधी आठ दिवस आधी, कधी तीन आठवडे उशिरा.

आता यात मराठी घराचं कॅलेंडर बसवा. मे महिन्याची सुट्टी? तिकडच्या मोठ्या पावसाचा शेवट, आणि बऱ्याच भागात चक्क काळी माती. ओल्या काळ्या मातीत गाडीचं काय होतं हे माणसाने बार्शीत शिकलेलं असतं, त्यासाठी आफ्रिकेला जायची गरज नाही. दिवाळीची सुट्टी? कळप परतीच्या वाटेवर, सापडला तर सापडला. ऑगस्टमध्ये लेकीच्या घटक चाचण्या आणि त्यांना लागूनच आमच्या घरचे गणपती.

तरी लेकीसाठी ऑगस्टचा भाव काढायला पुण्यातल्या एका टूर कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथले गृहस्थ म्हणाले, "नदीचं क्रॉसिंग शंभर टक्के दिसणार, मॅडम." लिहून द्या म्हटलं, तर चहा मागवला. घरी येऊन वाचत बसले. कळप काठावर येतो, तासन् तास उभा राहतो, पुढचा एक बुजतो आणि सगळे माघारी फिरतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काही जण चार दिवस काठावर बसून रिकामे परततात.

शिवाय मसाई मारात जुलै ते डिसेंबर परदेशी माणसाला दिवसाचे 200 डॉलर, तेही सकाळी सहा ते संध्याकाळी सहाच्या हिशेबाने. जानेवारी ते जून तेच 100. तीन मोठी माणसं, तीन दिवस: 1,800 डॉलर नुसते गेटवर, लेकीचे वेगळे. "कळप पलीकडे असला तर आपण पलीकडे जाऊ," असं नवरा म्हणाला. नकाशावर मारा आणि सेरेनगेटी एकमेकांना चिकटलेले दिसतात खरे, पण मधून पर्यटकांना जाता येत नाही. लांबचा वळसा घालून इसेबानियाच्या नाक्यावरून सरहद्द ओलांडायची. तो अख्खा दिवस गेला.

इथे आमचा बेत जवळजवळ बारगळला होता. मग एका रविवारी मी अण्णांना फेब्रुवारीचं वाचून दाखवलं.

फेब्रुवारीत त्याच दक्षिणेच्या माळावर, न्डुटू नावाच्या भागात, नूच्या माद्या वितात. बहुतेक सगळ्या, दोन-तीन आठवड्यांच्या आत. चार-पाच लाख वासरं. वासरू पाच-सात मिनिटांत पायावर उभं राहतं आणि थोड्याच वेळात आईबरोबर पळतं. अण्णांनी पेपर खाली ठेवला. "सात मिनिटं? आपल्या गाईचं वासरू अर्धा-पाऊण तास धडपडतं." मग स्वतःशीच, "तरस बसलेलं असताना अर्धा तास कोण देणार म्हणा."

त्यांचा पुढचा प्रश्न होता की तिथेच का. हे मला सगळ्यात जास्त आवडलं. त्या माळाच्या पूर्वेला ओल डोइन्यो लेंगाई हा ज्वालामुखी आहे. मसाई भाषेत देवाचा डोंगर. त्याची आणि शेजारच्या डोंगरांची राख हजारो वर्षं वाऱ्याने या माळावर पसरली. खाली राखेचा थर दगडासारखा घट्ट झालाय, झाडाची मुळं आत जात नाहीत, म्हणून नुसतं आखूड गवत. आणि त्या गवतात कॅल्शियम, फॉस्फरस भरपूर. "म्हणजे सगळं माळरानच चाटण वीट," अण्णा म्हणाले. गोठ्यात जनावरांना चाटायला ठेवतात ती क्षारांची वीट. दुभत्या जनावराला क्षार लागतात हे शेतकऱ्यांच्या गळी उतरवण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली. इथे तेरा लाखांचा कळप न सांगता बरोबर त्या गवतावर येतो आणि माद्या तिथेच वितात. पाऊस थांबला की मात्र तिथे प्यायचं पाणी उरत नाही, तळ्यांचं पाणी खारं. मग निघावंच लागतं.

आणि मग बुळकांडी निघाली.

मला हा शब्द लहानपणापासून माहीत आहे. आईने एखाद्याला शिव्या घातल्या की त्यात तो यायचा. गुरांचा रोग: ताप, तोंडात फोड, रक्ताची हगवण, गोठेच्या गोठे रिकामे. इंग्रजीत रिंडरपेस्ट. 1880च्या दशकाच्या शेवटी इटालियन सैन्यासाठी नेलेल्या गुरांबरोबर तो पूर्व आफ्रिकेत शिरला असं मानतात, आणि ती गुरं भारतातून गेली होती असंही सांगतात. पुढच्या काही वर्षांत तिथली गुरं मेली, गुरांवर जगणारे मसाई उपाशी मेले, आणि रवंथ करणारे जंगली प्राणी, म्हणजे रानरेडे आणि हेच नू, तेही गेले. पुढे कितीतरी वर्षं रोग परत परत येऊन वर्षाच्या आतली वासरं मारत राहिला.

1950च्या दशकापासून सेरेनगेटीच्या भोवतालच्या गुरांना लस टोचायला लागले. जंगली जनावराला कुणी सुई लावली नाही, लावणार कशी? पण गुरांमधला रोग थांबला तशी जंगलातली वासरं जगायला लागली. 1961 साली अडीच लाखांच्या आसपास नू होते. 1977 पर्यंत तेरा लाखांच्या पुढे. लेकीने मोबाईलवर दाखवलेली ती अफाट गर्दी अनादि काळापासूनची असेल अशी माझी समजूत होती. आज दिसते एवढी गर्दी माझ्याच वयाची आहे.

हे वाचून झाल्यावर अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माण तालुक्यात थर्मासमध्ये बर्फ घालून सायकलवर लस न्यायचो. पातळ केली की तासा-दोन तासांत संपवायची. गावात पोचावं तर गुरं रानात गेलेली. टोचली तर दूध कमी होतं म्हणून बायका दार लावून घ्यायच्या." 2011 साली बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसांच्या देवीनंतर नायनाट झालेला हा दुसराच रोग. पुढच्या वर्षी अण्णा निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. बुळकांडीचा उल्लेख कुणी केला नव्हता.

"म्हणजे हे आमच्या खात्याचंच काम म्हणायचं," ते म्हणाले. फेब्रुवारी ठरला. लेकीने दोन दिवस तोंड फुगवलं, मग चित्ते तिथे जास्त सोपे दिसतात हे कळल्यावर आली. शाळेला आठ दिवसांच्या रजेचा अर्ज मीच लिहिला, खरं कारण घालून.

बाकीचं भराभर सांगते. मुंबई–आदिस अबाबा–किलिमांजारो विमान, पुढे अरुशाहून गाडी. गाडी वर उघडणाऱ्या छताची, चौघांना चार खिडक्या. इथे काटकसर करू नका. न्डुटू हे सेरेनगेटी उद्यानात येत नाही, शेजारच्या गोरोंगोरो संरक्षित क्षेत्राच्या हद्दीत येतं, त्यामुळे दोन्हीकडे फिरलं की दोन्ही फी. शिवाय गोरोंगोरोच्या विवरात उतरायचे गाडीमागे करासकट 295 डॉलर. गडद निळे आणि काळे कपडे नकोत, त्सेत्से ही चावणारी माशी त्या रंगांवर येते. अण्णांचा एकुलता एक स्वेटर नेव्ही ब्लू. टांझानियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांना 2019 पासून बंदी आहे, म्हणून चिवडा डब्यातून.

घोडं अडलं ते पीतज्वराच्या, म्हणजे डासांनी पसरणाऱ्या यलो फीवरच्या, लसीवर. आदिस अबाबामार्गे भारतात परतताना तिचा दाखला मागू शकतात, आणि लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. नवरा वैतागला, पण अण्णांनी त्याला समजावलं की आपल्याकडे डास आहे, रोग नाही. बाजारातून नवं जनावर आणलं की आपणही वेगळंच बांधतो. अडचण वेगळीच होती: साठीनंतर ही लस पहिल्यांदा घ्यायची तर धोका थोडा वाढतो. अण्णा 71 वर्षांचे. आमच्या डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट मागवले, दोन आठवडे घेतले आणि मग चिठ्ठी दिली.

मागच्या मंगळवारी आम्ही सरकारी केंद्रात गेलो. एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात, म्हणून माणसं जमेपर्यंत बाकावर बसून राहायचं. अण्णांचा नंबर आला. सिस्टर म्हणाल्या, "काका, दंड सैल सोडा." अण्णांनी बाही वर केली आणि विचारलं, "कुपी पातळ करून किती वेळ झाला?"

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मग शीतपेटीचं झाकण उघडून आतली बर्फाची पाकिटं त्यांना दाखवली. अण्णांनी वाकून बघितलं, एका पाकिटाला बोट लावलं आणि मग हात पुढे केला.